टपालहशील

केंडलच्या विमा कंपनीत, तळघरात,
एकतीस वर्षं हेस्टर थ्वेट
पाकिटांवर लाल शिक्का मारणारं यंत्र चालवायची.
फ्रँकिंग मशीन म्हणत त्याला.
मी तिच्या हाताखाली लागलो
आणि पहिल्याच आठवड्यात विचारलं,
फ्रँक म्हणजे तोंडावर बोलणारा ना,
मग हे मुकं धूड कसलं फ्रँक?

जेवणाच्या सुट्टीत विचार, म्हणाली,
आणि सुट्टीत बीटरूटचं सँडविच खाता खाता
ऱ्हाइनपलीकडची माणसं तळघरात आणून बसवली.

फ्रँक ही एक टोळी.
कुणी म्हणतं, फेकायच्या भाल्यावरून नाव पडलं,
कुणी म्हणतं, छे, नाव आधीचं.
भाला फेकणारे काही सांगून गेले नाहीत.
नदी ओलांडून त्यांनी गॉलचा मुलूख घेतला
आणि तिथं मोकळा माणूस तेवढा फ्रँक,
बाकीचे कुणाचे ना कुणाचे.
"म्हणजे आधी मोकळीक," हेस्टर म्हणाली,
"तोंड उघडणं फार पुढचं.
ज्याला मालक नाही त्यानंच खरं बोलावं.
आपण शब्द ठेवला, अट विसरलो."

मग पार्लमेंटातले साहेब आले.
पाकिटाच्या कोपऱ्यात त्यांची सही असली की पत्र फुकट.
त्या सहीलाही फ्रँकच म्हणत.
ज्याच्या ओळखीत अशी सही नाही
त्याच्या पत्राचं हशील बहुधा
घेणाऱ्यानं भरायचं.
दारात टपालवाला ताटकळतोय,
आत बाई पेनीसाठी डबे उपडे करतेय.
"हे लक्षात ठेव,"
बोटावरचा लाल रस पुसत ती म्हणाली.
का, ते सांगितलं नाही.

तिच्या शेवटच्या दिवशी यंत्र न्यायला माणसं आली.
टेबल कलंडलं, मागचा खण सरकून खाली पडला.
सात पाकिटं.
सातही ऑल्विन थ्वेटला, न्यूफाउंडलंडच्या पत्त्यावर.
सातांवर लाल शिक्का, सात वेगवेगळी सालं,
महिना दरवेळी फेब्रुवारी.
शिक्का ज्या तारखेचा त्याच तारखेला पत्र गेलं पाहिजे,
नाहीतर तो शिक्का वाया,
हे मला तिनंच शिकवलेलं.

मी गप्प. तीच बोलली, यंत्राकडे बघत.
"फाटक मी उघडं टाकलं होतं.
एकोणचाळीस मेंढ्या तळ्याच्या बर्फावर गेल्या.
बाबांनी त्याला विचारलं, आणि त्याला वाटलं
त्याच्याच हातून राहिलं असेल.
अजून वाटतं."
पाकिटं पत्त्यांसारखी पिसत राहिली.
"मोकळं लिहिलं रे. मोकळं सोडवलं नाही.
वाटायचं, मी हलकी होईन
आणि या वयात हशील तो भरेल."

पाच वाजेपर्यंत ती माझी वरिष्ठ होती.
मी दोऱ्यांची रिळं मोजली,
केकचा उरलेला तुकडा कागदात बांधून दिला.

पाच वाजून चार मिनिटांनी, बसथांब्यावर, म्हणालो,
"हेस्टर, पन्नासहून जास्त वर्षं तोच भरतोय."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं
की मला माझी जीभ चावावीशी वाटली.
बस आली. चढली. खिडकीतून हात केला नाही.

तीन आठवड्यांनी माझ्या नावानं पाकीट आलं,
तिकीट वाकडं चिकटवलेलं, विकतचं.
आत चिठ्ठी नाही,
पोस्टाची पावती फक्त:
एक नग, कॅनडा, दोनशे तीस ग्रॅम,
रोख.